नगरसेवक न निवडता पंचविशी ओलांडलेली पिढी

मुंबई महानगरपालिकेची निवडणूक फेब्रुवारी २०१७ मध्ये झाली, तेव्हा जो मुलगा सतरा वर्षांचा होता त्याने पुढे २०१९ आणि २०२४ मध्ये लोकसभेसाठी मतदान केले, त्याच दोन वर्षांत विधानसभेसाठीही केले. परंतु आपल्या प्रभागाचा नगरसेवक निवडण्याची संधी त्याला जानेवारी २०२६ पर्यंत मिळाली नाही. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. पुणे, ठाणे, नाशिक, नागपूर या शहरांत आणि अनेक जिल्हा परिषदांतही हेच घडले. ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचना यांवरील खटले चालू राहिले, तारखा पडत गेल्या, आणि मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घेण्याचा आदेश दिल्यानंतरही नगरपरिषदांच्या मतदानाला डिसेंबर २०२५ आणि महानगरपालिकांच्या मतदानाला जानेवारी २०२६ उजाडावा लागला. देशात कोणाचे सरकार असावे, याबद्दल त्या मुलाला दोनदा विचारले गेले. त्याच्या गल्लीतील पाणी, कचरा आणि पदपथ यांबद्दल ज्यांनी निर्णय घ्यायचे, त्यांच्याविषयी मात्र त्याला पंचविशी ओलांडेपर्यंत कोणी काही विचारले नाही.

म्हणूनच ‘आजच्या तरुणांना लोकशाहीत रस उरलेला नाही’ हे वाक्य व्यासपीठांवरून ऐकले की मला ते फार अन्यायाचे वाटते. रस हा सवयीने लागतो आणि सवय लागण्याची जी सर्वांत जवळची जागा होती, ती आपण जवळपास चार वर्षे कुलूप लावून ठेवली. राज्यघटनेने स्थानिक संस्थांची मुदत पाच वर्षे, आणि त्याहून अधिक नाही, असे निःसंदिग्ध शब्दांत सांगितले आहे. मुदत संपण्यापूर्वी पुढची निवडणूक पूर्ण झाली पाहिजे हेही सांगितले आहे. सर्वोच्च न्यायालयाने किशनसिंग तोमर खटल्यात २००६ मध्ये हे बंधन किती कडक आहे, हे स्पष्ट केले होते. असे असूनही निवडणुका लांबल्या आणि त्याविरुद्ध फारसा आवाज उठला नाही. तरुणांच्या उदासीनतेची चर्चा करणाऱ्या मोठ्यांनी या शांततेचाही थोडा विचार करायला हवा.

प्रशासकाच्या काळात कामे थांबली होती का? नाही. रस्ते खणले गेले, बुजवले गेले, पाणी येत राहिले, निविदा निघत राहिल्या. मुंबई महापालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प सुमारे ७४ हजार कोटी रुपयांचा होता. तो आयुक्तांनी तयार केला आणि प्रशासक या नात्याने मंजुरीही त्यांच्याकडेच होती. हे अधिकारी कार्यक्षम नव्हते असे मला म्हणायचे नाही. माझा मुद्दा वेगळा आहे. स्थानिक शासनाचा हेतू केवळ सेवा पुरवणे हाच असेल, तर चांगला अधिकारी नेमून काम भागते आणि निवडणुकीचा खटाटोप अनावश्यक ठरतो. तरीही अशा व्यवस्थेत काहीतरी मूलभूत हरवले आहे असे आपल्याला जाणवत असेल, तर ते नेमके काय हरवले आहे, याचे उत्तर शोधावे लागेल.

ते उत्तर, गंमत अशी की, एका परकीय राज्यकर्त्याने फार पूर्वी लिहून ठेवले आहे. लॉर्ड रिपन यांच्या सरकारने १८ मे १८८२ रोजी स्थानिक स्वराज्याबद्दल जो ठराव केला, त्यात प्रशासन सुधारेल म्हणून या संस्था हव्यात असे मुख्यतः म्हटलेले नव्हते. उलट सुरुवातीला कारभार थोडा ढिलाही पडेल, पण लोकांचे राजकीय शिक्षण होण्यासाठी हा मार्ग आवश्यक आहे, अशी त्यामागची भूमिका होती. ब्रिटिशांचे स्वतःचे हिशेब त्यात होतेच. तरीही ही कल्पना खरी होती आणि आपल्याकडच्या माणसांनी ती त्यांच्यापुरती मर्यादित राहू दिली नाही. महात्मा जोतीराव फुले १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला करण्याचे काम त्यांनी त्याआधी स्वतःच्या घरी केले होते. पुढे त्यांना सार्वजनिक पैसा कोणावर खर्च होतो हे जिथे ठरते त्या सभागृहातही बसावेसे वाटले, याचा मला नेहमी विचार करावासा वाटतो.

राजकीय शिक्षण म्हणजे नागरिकशास्त्राचा तास नव्हे. मर्यादित पैशात निवड करणे, निवडीची कारणे चारचौघांत सांगणे, आपला मुद्दा पडला तर ते पचवणे आणि दुसऱ्या दिवशी त्याच नळावर त्याच माणसांशी बोलणे, हे ते शिक्षण आहे. एखाद्या ग्रामपंचायतीकडे वित्त आयोगाचा निधी येतो. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी त्यातील ६० टक्के रक्कम पिण्याचे पाणी आणि स्वच्छता यांसाठी राखून ठेवली. त्याला बंधित निधी म्हणतात. उरलेला ४० टक्के अबंधित निधी कशावर खर्च करायचा, हे गावाने ठरवायचे असते. मागच्या वस्तीतील गटार आधी की शाळेची संरक्षक भिंत आधी, स्मशानभूमीकडे जाणारा रस्ता की अभ्यासिका, हा प्रश्न दिल्लीत किंवा मुंबईत बसून सुटत नाही. तो सोडवताना मागच्या वस्तीत राहणाऱ्या माणसाच्या तोंडाकडे पाहावे लागते. लोकसभेच्या निवडणुकीत आपण अशा माणसांच्या विरोधात मत देतो ज्यांना आपण कधी भेटणार नाही, आणि त्यामुळे राजकारण म्हणजे दूरच्या शत्रूशी भांडण असा समज तरुण मनात पक्का होत जातो. गावातील किंवा प्रभागातील राजकारण हा समज टिकू देत नाही, निदान त्याची परीक्षा तरी घेते. सामाजिक माध्यमांवर वाढलेल्या पिढीला या परीक्षेची जितकी गरज आहे तितकी क्वचितच एखाद्या पिढीला असेल.

येथे एक मोठा आक्षेप आहे, आणि तो डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा असल्यामुळे त्याला बगल देता येत नाही. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बोलताना त्यांनी खेडे हे संकुचितपणाचे आणि अज्ञानाचे आगर असल्याचे सांगून, संविधानाचा पाया खेडे नसून व्यक्ती आहे, याबद्दल समाधान व्यक्त केले होते. त्याच महिन्यात ग्रामपंचायतींचा मार्गदर्शक तत्त्वांत समावेश झाला आणि आजचा अनुच्छेद ४० त्यातून आला. पण बाबासाहेबांनी दाखवलेली भीती त्यामुळे नाहीशी झाली नाही. आजही एखाद्या दलित तरुणाला किंवा नुकतीच लग्न होऊन आलेल्या मुलीला ग्रामसभेत उभे राहून पाणीपुरवठ्याचा हिशेब विचारणे, त्याच गावातील पाटलांच्या मुलाइतके सोपे नसते. ७३ व्या घटनादुरुस्तीने २४ एप्रिल १९९३ पासून पंचायतींना घटनात्मक दर्जा दिला, तेव्हा अनुसूचित जाती-जमातींना लोकसंख्येच्या प्रमाणात आणि महिलांना किमान एकतृतीयांश जागा राखून ठेवल्या. महाराष्ट्राने २०११ मध्ये महिलांचे प्रमाण ५० टक्क्यांवर नेले. हे बाबासाहेबांच्या आक्षेपाला दिलेले अर्धे उत्तर आहे, असे मी मानतो. उरलेले अर्धे उत्तर खुर्चीवर कोण बसते याच्याशी संबंधित नाही. समोरच्या सतरंजीवर कोण बसते आणि तिथून कोण बोलते, याच्याशी त्याचा संबंध आहे.

सतरंजीवरचा माणूस म्हणजे ग्रामसभेचा सदस्य. गावाच्या मतदारयादीत ज्याचे नाव आहे असा प्रत्येक जण, म्हणजे अठरा वर्षे पूर्ण झालेला तरुणही, ग्रामसभेचा कायम सदस्य असतो. त्याला कोणी निवडून द्यावे लागत नाही आणि त्याची मुदतही संपत नाही. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमानुसार वर्षातून किमान चार ग्रामसभा व्हाव्या लागतात. गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी उपस्थिती लागते. ही संख्या भरली नाही तर सभा तहकूब होते, आणि तहकूब झालेल्या सभेला गणपूर्तीची अट राहत नाही. कायद्याच्या दृष्टीने ही सोय समजण्यासारखी आहे, कारण अन्यथा गावाची कामे अडून राहतील. व्यवहारात मात्र या सोयीचे रूपांतर पद्धतीत झाले आहे. पहिली सभा कोरमअभावी तहकूब, मग काही दिवसांनी पंधरा-वीस माणसांची सभा, विषयपत्रिकेचे भरभर वाचन, ‘मंजूर, मंजूर’ असे दोन-तीन आवाज आणि इतिवृत्तावर सह्या. हजारो लोकवस्तीच्या गावाचा वर्षभराचा आराखडा अशा रीतीने ठरतो आणि कागदोपत्री तो गावाने ठरवलेला असतो.

मी पाहिलेल्या ग्रामसभांत तरुण नव्हते असे नाही. ते कडेला उभे असत, बहुतेक वेळा मोबाइलवर चित्रीकरण करत. वाद पेटला की त्यांची गर्दी वाढे, अंदाजपत्रकाचा विषय निघाला की ती पांगे. त्यातील एखाद्याने तोंड उघडलेच तर ‘कालचं पोर, आधी ऐकायला शीक’ असे म्हणणारा कोणीतरी ज्येष्ठ असेच. पण मला अधिक महत्त्वाची वाटणारी अडचण वेगळी आहे. ज्या मुलाला बोलू दिले, त्याच्याही हाती बोलण्यासाठी काही नसे. आदल्या वर्षीचा जमाखर्च त्याने पाहिलेला नसे, घरपट्टीची वसुली किती झाली हे त्याला ठाऊक नसे, पंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातील १५ टक्के रक्कम मागासवर्गीयांसाठी आणि १० टक्के महिला व बालकल्याणासाठी खर्च करायची असते हे त्याला कोणी सांगितलेले नसे. म्हणून तो रागाने बोले, आणि रागाचे इतिवृत्त होत नाही.

या ठिकाणी गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाचा उल्लेख केल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्या गावाची घोषणा सर्वांना माहीत असते, पण घोषणेमागची यंत्रणा फार थोड्यांना माहीत असते. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या पुढाकाराने तेथे अभ्यासगटाची पद्धत रुजली. निर्णय ग्रामसभा घेते आणि तो सर्वसहमतीने घेते. मात्र निर्णयाच्या आधी ज्याला त्या विषयात रस आहे असा कोणीही, वयाचा किंवा मानाचा विचार न करता, अभ्यासगटात बसून कायदा, नकाशे, शासननिर्णय आणि जंगलाची प्रत्यक्ष स्थिती यांवर चर्चा करतो. अभ्यासगटाला निर्णयाचा अधिकार नसतो, त्यामुळे तेथे कोणी जिंकत किंवा हरत नाही. आणि ग्रामसभेत येणारी माणसे रिकाम्या हातांनी येत नाहीत. वनहक्क कायद्याखाली या गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ मध्ये स्वतःच्या बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकारही गावाने मिळवला. हे यश आंदोलनाचे आहेच. परंतु वनखात्याच्या अधिकाऱ्यासमोर बसून कायद्याचे कलम दाखवू शकणारी माणसे गावात तयार झाली होती, त्याशिवाय ते मिळाले नसते. अठरा-वीस वर्षांच्या मुलाला ज्येष्ठांच्या बरोबरीने बसवण्याचा याहून सभ्य मार्ग मला दिसलेला नाही, कारण त्यात कोणाचा मान कमी करावा लागत नाही.

अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारची कथा इतक्यांदा सांगितली गेली आहे की ती येथे विस्ताराने सांगण्याची गरज नाही. फक्त एवढेच लक्षात ठेवावे की १९८९ मध्ये गावातील तरुणांनीच आग्रह धरून पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या पोपटराव पवारांना सरपंचपदासाठी उभे केले होते. पाण्याचा ताळेबंद मांडून पीक ठरवण्याची शिस्त नंतर आली. आधी तो आग्रह आला.

आपल्याकडचा तरुण सार्वजनिक कामापासून दूर आहे, हा समजही मला तपासून पाहावासा वाटतो. गणेशोत्सव मंडळाकडे पाहा. वीस-बावीस वर्षांची मुले वर्गणी गोळा करतात, पावती पुस्तके सांभाळतात, मांडवासाठी महापालिकेची आणि पोलिसांची परवानगी काढतात, विजेची जोडणी घेतात, जमाखर्च मांडतात आणि पुढच्या वर्षीची कार्यकारिणी निवडतात. लहान प्रमाणावर हा एका स्थानिक संस्थेचा संपूर्ण कारभार आहे. त्याच मुलांना पक्षाचा कार्यकर्ता म्हणून बोलावले जाते, तेव्हा मात्र त्यांच्या वाट्याला फलक लावणे, मतदारचिठ्ठ्या वाटणे, दुचाकींच्या फेरीत सामील होणे आणि मतदानकेंद्राबाहेरच्या टेबलावर बसणे एवढीच कामे येतात. निवडणूक संपली की खर्चाला मंजुरी देणाऱ्या स्थायी समितीत काय मंजूर झाले, आपल्या प्रभागासाठी किती तरतूद होती आणि ती कोणत्या कामाकडे वळली, हे त्यांना कोणी सांगत नाही, आणि सांगू नये यात अनेकांचा फायदा असतो. तरुणांचा सहभाग म्हणून ज्याचे कौतुक होते, त्यातील फार मोठा भाग असा बिनपगारी श्रमाचा असतो. हे मी कटुतेने म्हणत नाही. ती मुले मनापासून काम करतात, आणि म्हणूनच त्यांच्या त्या मनाचा इतका स्वस्त वापर व्हावा याचे दुःख होते.

दुसरी एक प्रथा, जिचे कौतुक ऐकून मला प्रत्येक वेळी अस्वस्थ व्हायला होते, ती म्हणजे बिनविरोध निवडणुकीची. गावात भांडणे नकोत, खर्च नको, एकोपा राहावा, हा त्यामागचा युक्तिवाद वरवर पाहता फार समंजस आहे, आणि काही गावांत तो प्रामाणिकही असतो. परंतु बिनविरोध म्हणजे बहुतेक वेळा गावातील चार-पाच वजनदार घरांनी आपसांत केलेली वाटणी असते, आणि त्या बैठकीला तरुण, स्त्रिया आणि वस्तीवरची माणसे बोलावलेली नसतात. ही वाटणी किती थराला जाऊ शकते हे जानेवारी २०२१ मध्ये दिसले, जेव्हा सरपंचपदाचा लिलाव झाल्याच्या प्रकरणात राज्य निवडणूक आयोगाने नाशिक जिल्ह्यातील उमराणे येथील ग्रामपंचायतीची निवडणूक रद्द केली. लिलावातील पैसा देवळासाठी जाणार होता, असे समर्थन तेव्हाही झाले. देवळासाठी असो वा शाळेसाठी, पद विकत घेणारा माणूस गावाला उत्तर देणे लागत नाही. आणि पहिल्यांदाच मतदान करण्याच्या उमेदीने यादीत नाव नोंदवलेल्या मुलीला त्या दिवशी तिचे मत लागणारच नाही, हे कळते. लोकशाहीतील तिचा पहिला अनुभव हा असतो.

वयाच्या अटीबद्दलही बोलले पाहिजे. ६१ व्या घटनादुरुस्तीने मतदानाचे वय २१ वरून १८ वर आणले आणि मार्च १९८९ पासून ते लागू झाले. विधानसभा आणि लोकसभेसाठी उमेदवाराचे वय किमान २५ असावे लागते. स्थानिक संस्थांसाठी मात्र ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तीने ते २१ ठेवले. घटना दुरुस्त करणाऱ्यांनी हे जाणीवपूर्वक केले असले पाहिजे, कारण सुरुवात येथून व्हावी ही अपेक्षा त्यात स्पष्ट दिसते. महाराष्ट्राने त्यात एक भर घातली: थेट सरपंचपदासाठी उभे राहणारा उमेदवार १ जानेवारी १९९५ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेला असेल, तर तो किमान सातवी उत्तीर्ण असला पाहिजे. म्हणजे शिक्षणाची अट फक्त तरुणांना आहे, आणि साठ वर्षांच्या उमेदवाराला नाही. शाळा आता गावोगावी पोहोचल्या आहेत, हे त्यामागचे कारण मला कळते. परंतु ज्या मुलीची शाळा ऊसतोडीच्या हंगामांत सुटली, तिचे काय, हा प्रश्न तरीही उरतो. शिवाय अठरा ते एकवीस या तीन वर्षांत मत देता येते पण उभे राहता येत नाही, याची अनेक तरुण तक्रार करतात. माझ्या मते ही तीन वर्षे वाया घालवण्याची नाहीत. ग्रामपंचायतीच्या ग्रामविकास समित्यांत, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीत आणि ग्रामपंचायत विकास आराखड्याच्या शिवारफेरीत या वयाच्या मुलामुलींना जागा ठेवली, तर एकविसाव्या वर्षी उभा राहणारा उमेदवार आडनावाच्या जोरावर उभा राहणार नाही.

शहरांची स्थिती खेड्यांहून वाईट आहे, आणि याचे कारण साधे आहे: शहरातील नागरिकाला ग्रामसभाच नाही. तीन लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या असाव्यात असे ७४ वी घटनादुरुस्ती सांगते, पण त्या समित्यांत सामान्य माणसाला बोलण्याची जागा जवळजवळ नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी महाराष्ट्राने २००९ मध्ये कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद केली, ज्यात काही मतदानकेंद्रांच्या परिसरातील सर्व मतदार एकत्र बसून कामांची प्राथमिकता ठरवू शकतात. आपल्या शहरात अशी क्षेत्रसभा झालेली ज्यांनी पाहिली आहे, ते वाचक हाताच्या बोटांवर मोजता येतील, याची मला खात्री आहे. त्यात मुंबई सोडून इतर महानगरपालिकांत बहुसदस्यीय प्रभाग, म्हणजे एका मतदाराने साधारणपणे चार नगरसेवक निवडायचे. चौघांपैकी नेमके कोणाला जाब विचारायचा हे न कळल्याने शेवटी कोणालाच विचारला जात नाही. पुणे महापालिकेने २००६ पासून अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामे सुचवून घेण्याची पद्धत ठेवली आहे, ती मला मोलाची वाटते. तिच्यातील रक्कम लहान असते आणि सुचवलेली सगळी कामे होत नाहीत. तरीही आपल्या गल्लीतील दिव्याचा किंवा पदपथाचा अर्ज लिहिताना ते काम कोणत्या खात्याचे आहे, त्याला साधारण किती खर्च येतो, हे शोधावे लागते आणि पुढच्या वर्षी ते काम अंदाजपत्रकात आले की नाही, हे पाहण्यासाठी ते जाडजूड पुस्तक उघडावे लागते. महाविद्यालयांनी राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्वयंसेवकांना श्रमदानाबरोबर हे एक काम दिले तर बरे होईल.

कागद मिळत नाहीत ही सबब आता पूर्वीइतकी टिकत नाही. राज्य शासनाच्या २६ नोव्हेंबर २०१८ च्या निर्णयानुसार जिल्हास्तरापर्यंतची कार्यालये आणि स्थानिक संस्था यांच्यातील अभिलेख दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात नागरिकांना पाहता येतात. त्यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज आणि तीस दिवसांची प्रतीक्षा लागत नाही. ग्रामपंचायतीला कोणत्या वर्षी किती निधी आला आणि कोणत्या कामावर खर्च पडला, हे ई-ग्रामस्वराज या संकेतस्थळावर घरबसल्या दिसते. पहिल्यांदा जाणाऱ्याने माझ्या मते तीनच गोष्टी मागाव्यात: मागील वर्षाचा लेखापरीक्षण अहवाल, ग्रामसभेच्या किंवा सर्वसाधारण सभेच्या इतिवृत्ताची नोंदवही आणि चालू वर्षाचे अंदाजपत्रक. एकट्याने जाऊ नये, दोघा-तिघांनी मिळून जावे, आणि त्यात एखादी मुलगी आवर्जून असावी. पहिल्या सोमवारी लिपिकाला हा शासननिर्णय ठाऊक नसण्याची शक्यता गृहीत धरून त्याची प्रत सोबत ठेवावी आणि आवाज न चढवता ती दाखवावी.

शेवटचा प्रश्न सर्वांत अवघड आहे, आणि तो महाराष्ट्रातील लाखो तरुणांचा आहे. मुलगा बीडचा किंवा बुलढाण्याचा असतो, शिकायला किंवा नोकरीला पुण्यात राहतो, आणि त्याचे नाव गावच्या यादीत असते. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत त्याला गावी नेण्यासाठी उमेदवार गाडी पाठवतो; मत टाकून तो त्याच रात्री परत फिरतो. ज्या पंचायतीला त्याने मत दिले तिच्या रस्त्यावरून तो वर्षातून चार दिवस चालतो, आणि ज्या महापालिकेचे पाणी तो वर्षभर पितो तिच्या दृष्टीने तो नागरिक म्हणून अस्तित्वातच नसतो. भाडेकरू तरुणांच्या वस्त्यांत कचऱ्याची आणि पाण्याची जी दुर्दशा दिसते तिचे एक कारण हेही आहे की तेथे मते नाहीत. राज्य निवडणूक आयोग स्वतंत्र मतदारयादी करत नाही. विधानसभेचीच यादी तो प्रभागांनुसार विभागतो, आणि ठरावीक तारखेपर्यंत त्या यादीत नाव नसेल तर त्या खेपेचे मत गेले. वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्यालाही तो जेथे शिकतो तेथे नाव नोंदवण्याची मुभा आहे. अठरा वर्षे पूर्ण झाली का हे ज्या तारखेला पाहिले जाते असे वर्षातून चार अर्हता दिनांक आहेत, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर, आणि सतरा वर्षे पूर्ण झाल्यावर आगाऊ अर्जही करता येतो.

मला विचाराल तर, ज्याचे परतणे नक्की नाही त्याने पत्ता बदलण्याचा नमुना ८ भरून नाव शहरात आणावे, आणि गावाशी असलेल्या जिव्हाळ्यापोटी हा निर्णय लांबवू नये. ज्याला गावी परतायचे आहे, ज्याची शेती आणि आईवडील तेथे आहेत, त्याने नाव तेथेच ठेवावे, पण मग मतदानापुरते जाऊन भागणार नाही. प्रथेप्रमाणे ग्रामसभा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवसांच्या सुमारास होतात, आणि या चारही दिवशी सुट्टी असते. त्यांपैकी पुढच्या वर्षाचा आराखडा ज्या सभेत ठरतो ती तारीख ग्रामपंचायत अधिकाऱ्याला (पूर्वीच्या ग्रामसेवकाला) आधी फोन करून विचारावी, सभा तहकूब झाली तर तहकूब सभेची तारीखही विचारून घ्यावी, आणि तिकीट त्या दिवसाचे काढावे.